टोपी पुढे, हेल्मेट मागे

माझ्या डोक्याला टोपीचं कूळ लागलेलं आहे, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी समजलं. त्याआधी समजायचं काही कारणच पडलं नव्हतं. जमिनीचा उतारा माणूस कधी काढतो? विकायची असली तर, नाहीतर भांडायचं असलं तर. अंगाचंही तसंच. सगळ्यांच्या अंगाचे उतारे तलाठ्याच्या कपाटात असतात, पण बघायला कोण जात नाही. मी गेलो, कारण मला हेल्मेट घालायचं होतं.

मी दगडू कोंडिबा शेवाळे, राहणार निंबळवाडी, शिक्षण चौथी. पाचवीत मास्तर म्हणाला, उद्या बापाला घेऊन ये. बाप मोकळा नव्हता, म्हणून मीही गेलो नाही. पुढं पाटबंधाऱ्याच्या खात्यात पाटकरी म्हणून छत्तीस वर्षं पाटाचं पाणी सोडलं आणि बंद केलं. त्या कामाला सायकल यावी लागते आणि शिव्या याव्या लागतात. सायकल मागच्या वर्षी गुडघ्यांनी सोडवली. दुसरं अजून चालू आहे.

माझी थोरली बहीण सोनाबाई. आम्ही आक्का म्हणतो. वय त्र्याऐंशी. तिला दिली कान्हेरवाडीला, पाटाच्या कडेनं गेलं की अकरा किलोमीटर. दर भाऊबीजेला मी तिच्याकडं जातो. पाण्याची पाळी असो नाहीतर साहेबाची तपासणी, चुकवलं नाही. ती ओवाळते, मी करंज्या खातो, आमचं एक भांडण होतं, आणि निघताना ती म्हणते, "पुढल्या वर्षी मी असेन नसेन." दाजी गेले तेव्हापासून बावीस वर्षं ती हे म्हणते आहे. दिवाळीआधी फोन होतो तेव्हा एकदा आगाऊ म्हणून ठेवते, ते वेगळंच. मी दर वर्षी सांगतो, "नसलीस तर कळव."

यंदा फोन झाला. म्हटलं, भाऊबीजेला येतो. ती म्हणाली, "ये."

मी फोन धरून तसाच उभा. म्हटलं, "अजून काय?"

"अजून काय असायचं? ये."

आणि फोन ठेवला. असेन नसेन काही नाही. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. बावीस वर्षं एक वाक्य बोलणारं माणूस ते बोलायचं सोडतं, तेव्हा त्याला ते खरं वाटायला लागलेलं असतं. यंदा मला जायलाच पाहिजे होतं.

जायचं कशानं? पाटावरचा पूल हलका झालाय म्हणून बस बंद. दुचाकी जाते आणि पोपटची दुधाची पिकअप जाते. पोपट रोज सकाळी आमच्या गावचं दूध कान्हेरवाडीच्या केंद्रावर पोचवतो. पण दूधसंघाचा नियम आहे, गाडीत माणूस बसवायचा नाही. माझी सून शैला स्कूटर चालवते, पण तिलाही भाऊ आहे. भाऊबीजेला बाई कुणाची ड्रायव्हर नसते. रिक्षा करून जा म्हणाले लोक. आक्काच्या दारात मी आजवर कुणाच्या मागं बसून उतरलेलो नाही.

पोराला, म्हणजे संपतला, हे समजलं. तो चाकणला असतो. त्यानं चार्जिंगची गाडी पाठवून दिली. हिरवी, हलकी, पेडल न मारता चालणारी. बरोबर अटही पाठवली, की अंगावर सगळं संरक्षणाचं सामान असल्याशिवाय आबांना चावी द्यायची नाही. शैलानं चावी कमरेच्या पिशवीत टाकली आणि मला तालुक्याला मोमीनच्या दुकानात नेलं.

मोमीन पूर्वी सायकली दुरुस्त करायचा. माझ्या सायकलचे सगळे पंक्चर त्याच्या हातचे. आता तो गाडीवर बसताना घालायचे कपडे विकतो. त्यानं मला स्टुलावर बसवलं, गाडी कुठली ते विचारलं आणि पिकल्या लिंबाच्या रंगाचं जाकीट काढलं. वर चमकणारे पट्टे.

मी म्हटलं, हे काय लग्नातल्या बँडवाल्याचं?

"गाडी मुकी हाय, आबा," मोमीन म्हणाला. "पेट्रोलच्या गाडीचा आवाज येतो, माणूस बाजूला होतं. हिला आवाज न्हाई. मग जाकिटानं ओरडाय पायजे."

"ओरडायला मी आहे."

"हेल्मेटच्या आतनं ऐकू जात न्हाई."

जाकीट अंगाला बसलं. मग हातमोजे. मोमीन म्हणाला, माणूस पडताना पहिला हात टेकतो, म्हणून तळव्याला जाड चामडं पाहिजे. तेही बसले. मग बूट, घोट्याच्या वर जाणारे, कारण चपलेतला अंगठा गाडीला आयता सापडतो. मग धोतराचा विषय निघाला. मी सांगितलं, धोतर सोडणार नाही. मोमीन वाद घालत बसला नाही. त्यानं माझ्या धोतराचा सोगा धरला, दुकानातल्या एका गाडीच्या मागच्या चाकाशी नेला आणि चाक हातानं गरकन फिरवलं. धोतरानं चाक पाहिलं. त्याच दुपारी त्यानं पायांवरचा ताबा सोडल्याचं लिहून दिलं आणि मी जाड कापडाची पँट घेतली. धोतर माझ्याहून शहाणं निघालं, असं शैला म्हणाली. ती असं काहीही म्हणते.

शेवटी हेल्मेट. पांढरं, गुळगुळीत, मागं शिक्का असलेलं. मी टोपी काढून हातात धरली. मोमीननं हेल्मेट माझ्या डोक्यावर उतरवलं, तर ते चार बोटं वर थांबलं. त्यानं दाबलं. येईना. स्टुलावर चढून दाबलं, तरी येईना. शेजाऱ्याच्या बांधावर बैल अडावा तसं ते वरच्या वर अडून राहिलं.

"माप लहान आहे का?" शैलानं विचारलं.

मोमीननं खालून बघितलं, वरून बघितलं. "माप बरोबर हाय. कूळ असणार. आबा, डोक्याचा उतारा काढलाय का कधी?"

मग त्यानं समजावून सांगितलं. रस्त्याच्या कडेला टांगलेली हेल्मेटं कुणाच्याही डोक्यावर बसतात, त्यांना पुढचं मागचं काही नसतं. शिक्क्याचं हेल्मेट तसं नाही. ते आधी हक्क बघतं, मग बसतं. मी म्हटलं, मग ते रस्त्याकडेचं दे. मोमीननं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला दुधात पाणी घालायला सांगितलं. म्हणाला, ते पडल्यावर आधी स्वतः फुटतं, मग तुमचं डोकं फोडतं. आणि त्याच्यावर गाडीही चालू होत नाही.

हे खरं निघालं. घरी येऊन मी शैलाकडनं चावी मागून घेतली, अंगणातच बघतो म्हणालो. टोपी घालूनच गाडीवर बसलो. पुढच्या काचेवर अक्षरं आली. शैलानं वाचली: डोके वादग्रस्त आहे. संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा.

भाऊबीजेला आठ दिवस राहिले होते. आम्ही तलाठ्याकडं गेलो.

तलाठी पाखरे. तिशीचा आहे, केस कमी. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं म्हणे. मी तलाठी म्हणतो, तोही ओ देतो. त्यानं कपाट उघडलं, धूळ झटकली आणि माझ्या अंगाचा उतारा काढून वाचायला घेतला.

"दगडू कोंडिबा शेवाळे यांचे अंग. उंची पाच फूट चार इंच."

"पाच फूट सहा," मी म्हटलं.

"पूर्वी असेल. फेरमोजणीत कमी झाली." तो पुढं वाचत गेला. तळहात, जिरायत. कोपर, गायरान, म्हणजे तिथं कुणीही येऊन बसू शकतं, गार्ड घालायला हरकत नाही. गुडघे, पोटखराबा, म्हणजे पिकाच्या कामाचे नाहीत. मी म्हटलं, हे मला माहीत आहे, पुढं वाच. तोंड, बारमाही बागायत. शैला उगाच खिडकीबाहेर बघायला लागली.

"डोके," पाखरे म्हणाला. "मालक स्वतः. कूळ, टोपी, पांढरी, सुती. वहिवाट सन एकोणीसशे त्र्याहत्तरपासून, लग्नाच्या दिवसापासून."

मी म्हटलं, अरे, ती लग्नातली टोपी केव्हाच फाटली. तिच्यानं भांडी पुसली असतील घरात.

"वारस लागत गेले ना, आबा. ही अकरावी आहे. प्रत्येकीची नोंद घेतलेली आहे."

"मी रात्री काढून ठेवतो तिला."

"रात्रीचं पडीक धरत नाहीत."

"मग मला नोटीस कुठं दिली होती?"

"डकवली होती."

"कुठं?"

"टोपीच्या आतल्या अंगाला."

मी टोपी काढून उलटी केली. होती. धुऊन धुऊन फिकी झाली होती, पण होती.

पाखऱ्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, टोपीची लेखी संमती आणा, मग हेल्मेटला प्रवेश मिळेल. दुसरी, तालुक्याला सुनावणी लावू, तारीख तुळशीच्या लग्नानंतरची मिळेल. मी म्हटलं, भाऊबीज तुळशीच्या लग्नाच्या आधी असते, हे सरकारला कुणी सांगितलेलं नाही का? तो म्हणाला, त्याची कल्पना कार्यालयाला आहे.

उठता उठता शैलानं विचारलं, "इतर हक्काच्या रकान्यात काय आहे बघा की."

पाखऱ्यानं चष्मा वर केला. "सोनाबाई, नात्याने बहीण. भाऊबीजेस ओवाळणे. कायम." मग उतारा मिटत म्हणाला, संमती मिळाली नाही तर मला बोलवा, जागेवर येऊन पाहणी करतो.

पुढचे तीन दिवस आमच्या घरात टोपीची मनधरणी चालली. मी आयुष्यात कुणाला विनवलेलं नाही. साहेबाला नाही, संपतच्या आईला तर नाहीच. टोपीला विनवलं. शैलानं तिला हातानं धुतलं, नीळ दिली, कडक इस्त्री केली. संमतीचा कागद तिच्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं. टोपी खिळ्यावर बसून राहिली. टोपी बोलत नाही. कुळं बोलत नसतातच, ती बसतात.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, चुलीत घालतो हिला.

"घाला," शैला भाकरी थापत म्हणाली. "बारावी वारस लागेल. ती हिच्यासारखी गरीब असेलच असं नाही."

भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "आबा, तिला भीती वाटते. एकदा का हेल्मेट बसलं, की परत आपल्याला कोण विचारणार? तुम्ही रिटायर झालात तेव्हा पाटाच्या दाराची चावी दिली होती का लगेच?"

ती चावी अजून माझ्या पेटीत आहे.

भाऊबीजेला चार दिवस असताना पाखरे पाहणीला आला. त्याला पंच दोन लागतात. एक शैला झाली, दुसरा पोपट, दुधाचे कॅन चढवता चढवता त्याला थांबवून घेतला. पाखऱ्यानं मला उत्तरेला तोंड करून खुर्चीवर बसवलं, डोक्याभोवती फीत फिरवली, चतुःसीमा लिहिल्या. दोन कान, कपाळ, मान. पूर्वेच्या कानाला केस फार आहेत असं पोपट म्हणाला. ते लिहायचं नसतं, असं पाखऱ्यानं त्याला सांगितलं.

मग त्यानं टोपी मागितली. खिळ्यावरून काढून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि तिची घडी अलगद उकलली. घडीतनं एक तांदळाचा दाणा पडला. इतकं धुऊनही कुंकवाचा लाल रंग न गेलेला, वाळून खडा झालेला. पाखऱ्यानं घडी अजून उकलली. आणखी दोन पडले.

"हे कुठले?"

"आक्काच्या अक्षता," मी म्हटलं. "ओवाळताना टाकते डोक्यावर. नेम धड नाही तिचा, निम्म्या मागं भिंतीवर जातात."

"ही टोपी किती वर्षांची?"

"तीन."

"दाणे तीन," पाखरे म्हणाला आणि लिहू लागला. बराच वेळ लिहीत होता. पोपटच्या गाडीतलं दूध तापत होतं, पण तोही काही बोलला नाही. पंचनामा चालू असताना बोलू नये एवढं त्याला कळतं.

पाखऱ्यानं मान वर केली. "आबा, आपली चूक इथंच होत होती. आपण टोपीला म्हणत होतो, ताबा सोड. पण भाऊबीजेला टोपीचा ताबा निंबळवाडीत नसतोच. तो असतो कान्हेरवाडीला, सोनाबाईंच्या पाटावर. पुरावा आहे. त्या दिवशी तिथं जाणं म्हणजे ताबा सोडणं नव्हे. ताब्यावर हजर होणं आहे."

"मग?"

"मग टोपी तिथं हजर झाली, की तुमचं डोकं तुम्ही पोचेपर्यंत मोकळं. तेवढी वाट हेल्मेटला वापरता येईल. परत येतानाही तसंच. टोपी पुढे, हेल्मेट मागे."

आम्ही चौघंही टोपीकडं बघत होतो. ती कागदावर होती. इस्त्री इतकी कडक होती तरी ती मला जरा सैल झाल्यासारखी दिसली. शैलानं संमतीचा कागद पुढं केला. संध्याकाळी दिवा लावायला गेलो तेव्हा त्यावर सही होती. टोपीची सही म्हणजे निळीचा एक ठिपका.

आता तिला पुढं नेणार कोण, तर पोपट. मी त्याला म्हटलं, टोपी नेतोस तर मलाच ने की गाडीत, एवढी सगळी भानगड कशाला?

"माणूस बसवायचा न्हाई, आबा. नियम हाय. टोपीला नियम न्हाई."

भाऊबीजेच्या सकाळी सहाला शैलानं टोपी स्टीलच्या डब्यात ठेवली. झाकणावर पाखऱ्यानं दिलेला कागदी शिक्का चिकटवला. पोपटनं डबा आपल्या शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. स्वतः तो कधी पट्टा लावत नाही. गाडी गेली. माझं डोकं बोडकं पडलं. सकाळची हवा डोक्याला थेट लागली आणि मला उगाच कुणीतरी मागं उभं आहे असं वाटत राहिलं.

मी कपडे चढवले. पँट, तिच्यावर गुडघ्यांचे गार्ड, बूट, लिंबाच्या रंगाचं जाकीट, कोपरांचे गार्ड, हातमोजे. हातमोजे घातल्यावर बुटाची नाडी बांधता येत नाही, हे मोमीननं सांगितलं नव्हतं. ती शैलानं बांधली. मग हेल्मेट डोक्यावर धरलं. ते चार बोटं वर थांबलं. तसाच खुर्चीवर बसून राहिलो. शेजारची मंडळी फराळाचं ताट द्यायला आली. ताट देऊन, माझ्याकडं बघून, काही न विचारता गेली.

आठला दहा कमी असताना, केंद्रावर दूध उतरवून झाल्यावर, पोपटचा फोन आला. शैलानं तो कानाशी धरला आणि म्हणाली, "पोचली."

हेल्मेट खाली आलं. टक असा आवाज झाला. डोळ्यांपुढच्या काचेवर अक्षरं आली, सुरक्षित प्रवासासाठी शुभेच्छा. शैलानं चावी माझ्या हातात दिली आणि हेल्मेटच्या काचेवर टिचकी मारून काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. बहुतेक हळू जा म्हणाली असेल. ती माझ्याआधी निघणार होती, पण मी वळणापर्यंत गेलो तोवर फाटकातच उभी होती.

पाटाच्या कडेनं गाडी चालली. तिचा आवाज नाही. छत्तीस वर्षं मी ह्या रस्त्यानं सायकल रेटली, ती कुरकुरायची, मीही कुरकुरायचो. आता सगळंच गप्प. पुढं चौदा नंबरच्या दारापाशी हरिबा भेटला. ह्या हरिबानं तीस वर्षं रात्रीचं पाणी चोरलं आणि तीस वर्षं मी त्याला पाटाच्या ह्या काठावरून शिव्या दिल्या. त्यानं जाकीट पाहिलं, हेल्मेट पाहिलं, आणि कुणी साहेब तपासणीला आलाय असं समजून हात जोडून वाकला. मी आतनं त्याला दोन शिव्या हाणल्या. त्या हेल्मेटमध्येच फिरल्या आणि मलाच लागल्या. पुलावर गाडी हळू घेतली. गुडघे दुखले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण शैला विचारते तेव्हा मी दुखले असं सांगतो.

कान्हेरवाडीला पोचलो. आक्काचं दार उघडं होतं. अंगणात गाडी लावली, काच वर केली आणि आत गेलो.

मधल्या खोलीत पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. पाटावर माझी टोपी बसलेली. टोपीला कुंकू लावलेलं होतं. वर अक्षता. निम्म्या मागं भिंतीपाशी सांडलेल्या. पुढं बशीत दोन करंज्या. निरांजन तेल संपून विझलं होतं. आक्का भिंतीला टेकून बसली होती, लहान झालेली. मागच्या वर्षीपेक्षा बरीच लहान. तिच्या डोळ्यांना आता माणूस जवळ आल्याशिवाय दिसत नाही.

"कोण पावणं?" ती म्हणाली.

"मी दगडू."

"दगडू मघाशीच आला."

"आक्का, मी आत्ता येतोय. ती टोपी आहे."

"ठाऊक हाय मला टोपी हाय. आंधळी झाले न्हाई अजून." तिनं पदर सारखा केला. "पोपट म्हणाला, डोक्याचं कूळ आलंय. म्हटलं बसा. ओवाळलं. गप बसून ओवाळून घेतलं बघ तिनं. चुळबुळ न्हाई, तेल सांडलं म्हणून बोलणं न्हाई."

"बरं झालं. आता मला ओवाळ."

"एका भावाला वर्षातनं एकदा. तू काय दोन हायेस?"

मी म्हटलं, मी अकरा किलोमीटर आलो, हे सगळं अंगावर चढवून आलो, तलाठ्याकडं खेटे घातले. ती म्हणाली, टोपी पण तेवढंच आली की. मी म्हटलं, टोपी काय तुझा भाऊ आहे काय? ती म्हणाली, सत्तर वर्षं डोकं बघत आलेय मी तुझं, त्यात टोपीच जास्त शहाणी. असं आमचं वर्षाचं भांडण झालं. चांगलं झालं. मध्ये ती एकदा उठून उभी राहिली, एवढा तिला राग आला. तिला उठून उभी राहिलेली बघून मला बरं वाटलं, म्हणून मी अजून दोन वाक्यं जास्त बोललो.

मग मी हेल्मेट काढलं, पाटावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि पाटावर बसून करंज्या खाल्ल्या. टोपीच्या वाटणीच्याही खाल्ल्या. आक्का जवळ सरकली आणि माझ्या अंगावरचं एकेक हातानं चाचपून बघू लागली. गुडघ्याच्या गार्डावर हात थांबला.

"हे कशाला?"

"पडलो तर."

"आजवर किती येळा पडलास?"

"पाटात धरून सहा वेळा."

"तवा कुठं हुतं हे?"

तिनं हेल्मेट मांडीवर घेतलं, नारळ बघावा तसं बोटांनी वाजवून बघितलं, आत हात घालून चाचपलं. "मऊ हाय आतनं," ती म्हणाली आणि बराच वेळ हात आतच ठेवून बसली. मी चहा मागितला. तिनं सांगितलं, ऊठ आणि कर, मला पण कर.

तीनला पोपट आला. टोपी डब्यात गेली. आक्कानं तिच्याबरोबर एक करंजी घातली, वाटेत लागली तर. गाडी गेली आणि आम्ही दोघं अंगणात बसून फोनची वाट बघत राहिलो. मी सगळं अंगावर चढवून तयार. नाडी आक्कानं बांधली, गाठ मारून. मी हेल्मेट डोक्यावर धरलं, ते चार बोटं वर. आक्का त्या चार बोटांच्या फटीतनं माझ्याकडं बघत होती. लहानपणी ती केसातल्या उवा काढायची तेव्हा असंच बघायची.

"तुझं ओवाळायचं राहिलंच," ती म्हणाली.

"राहिलं तर राहिलं."

"राहिलं कसं चालंल? नोंद हाय म्हणतोस ना तलाठ्याकडं. पुढल्या वर्षी."

हात वर धरून धरून दुखायला लागले होते, तरी खाली घेतले नाहीत.

"मी असेन नसेन," आक्का म्हणाली. "पण पुढल्या वर्षी तू टोपीच्या आधी ये. न्हाईतर परत तिलाच ओवाळीन."

"नसलीस तर कळव," मी म्हटलं.

फोन वाजला. पोचली, असं पोपट म्हणाला. हेल्मेट टक करून खाली बसलं. आक्का पुढं काहीतरी बोलत होती, ओठ हलताना दिसत होते. मी मान हलवली आणि गाडी काढली.

पाखऱ्याच्या आदेशात स्वच्छ लिहिलेलं आहे, की टोपी पोचल्याशिवाय हेल्मेट बसणार नाही, आणि हेल्मेट बसल्याशिवाय गाडी चालू होणार नाही. म्हणजे मी कुठल्याच वर्षी टोपीच्या आधी पोचणार नाही, आणि माझं ओवाळायचं दर वर्षी पुढल्या वर्षावर राहणार. हे मी आक्काला सांगितलेलं नाही.